क्वीन मेरीची इंजिन रूम: साखर कारखान्याच्या नजरेनं

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, काकती, खानापूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली पोरं आता कॅलिफोर्नियात आहेत, आणि त्यांचे आईवडील दोन-तीन महिने तिकडं राहून येतात. त्यात साखर कारखान्यात बॉयलरवर, टर्बाइनवर, मिल हाऊसमध्ये नोकरी केलेली माणसं भरपूर. त्यांना डिस्नेलँड आणि एक-दोन देवळं दाखवली की पोरं मोकळी होतात. लॉस एंजलिसच्या दक्षिणेला लाँग बीच इथं ‘क्वीन मेरी’ हे जुनं प्रवासी जहाज कायमचं बांधून ठेवलंय आणि त्याच्या पोटातलं यंत्रघर लोकांना बघायला मिळतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. हे परीक्षण अशाच माणसांसाठी आहे. ज्याला स्टीम कळते त्यानं तिथं काय बघावं, कुठं थांबावं आणि कुठं पाय अडकवू नये, एवढाच विषय.

निकाल आधीच सांगून टाकू. जरूर जावं. पण बॉयलर बघायला मिळतील या आशेनं जाऊ नये, कारण बॉयलर तिथं नाहीत. टर्बाइन, गिअर, शाफ्ट आणि पाण्यातला पंखा यांच्यासाठी जावं. ज्याला यातलं काही नको असेल त्यानं वरच्या डेकवर फिरून, समुद्राकडं तोंड करून चहा प्यावा, तोही वेळ काही वाया जात नाही.

जहाजाचा हिशेब थोडक्यात. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकच्या जॉन ब्राऊन गोदीत ते बांधलं. मंदीमुळं १९३१ च्या डिसेंबरात काम थांबलं ते १९३४ च्या एप्रिलपर्यंत सांगाडा तसाच उभा होता. सप्टेंबर १९३४ मध्ये ते पाण्यात सोडलं आणि २७ मे १९३६ ला साउदॅम्प्टनहून पहिली फेरी निघाली. लांबी ३१० मीटर, वजनमाप ८१ हजार टनांच्या वर, नेहमीचा वेग साडेअठ्ठावीस नॉट, म्हणजे ताशी ५२-५३ किलोमीटर. चार शाफ्ट, चार पंखे, आणि चारींची मिळून ताकद १ लाख ६० हजार अश्वशक्ती. हा आकडा मेगावॅटमध्ये काढला तर १२० च्या जवळ जातो. आपल्याकडचा चांगला मोठा को-जन (कारखान्यातला वीजनिर्मितीचा) प्रकल्प २५-३० मेगावॅटचा असतो. म्हणजे असे चार-पाच प्रकल्प एका पोलादी पेटीत बसवून ती पेटी अटलांटिकवरून पळवत न्यायची, असा हा मामला होता.

आता बॉयलरचं. एकूण २७ होते. त्यातले २४ यारो पद्धतीचे वॉटर ट्यूब, चार खोल्यांत सहा-सहा, आणि पहिल्या खोलीत तीन स्कॉच बॉयलर, जे जहाजाच्या हॉटेलची, म्हणजे प्रवाशांच्या सोयींची कामं बघायचे. मुख्य स्टीम ४०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आणि ७०० फॅरनहाइटची. आपल्या मापात २८ केजी (चौरस सेंटिमीटरला किलो) आणि ३७० अंश. जुन्या कारखान्यांत २१ केजी आणि ३२ केजीचे बॉयलर ज्यांनी चालवलेत त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. ६७ केजी आणि त्यावरच्या नव्या बॉयलरवर शिकलेल्या पोरांना किरकोळ वाटतील. पण त्या नव्या बॉयलरला डोलावं लागत नाही, ही गोष्ट विसरू नये. जहाज एका कुशीवर गेलं की गेज ग्लासातली (बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेतली) पातळी एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली दिसते, आणि फीड, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, कमी करायचं की वाढवायचं हे ठरवणाऱ्याला सरासरी डोक्यात धरून काम करावं लागतं.

यारो बॉयलरची रचना बघण्यासारखी होती. वर एक मोठा स्टीम ड्रम, खाली पाण्याचे लहान ड्रम, आणि मध्ये सरळ ट्यूबांचे झुकते ताटवे. ट्यूब सरळ असली की ड्रममध्ये शिरून एका टोकाला दिवा धरला तर दुसऱ्या टोकाला उजेड दिसतो. स्केल कुठं साचलंय ते डोळ्यानं कळतं, ब्रश सरळ पार जातो. आपल्याकडच्या बाय-ड्रम (दोन ड्रमच्या) बॉयलरच्या वाकड्या ट्यूबांना ऑफ सीझनला लवचिक शाफ्टचं क्लीनर घालून जी झटापट करावी लागते, ती इथं नव्हती. सरळ ट्यूबेचा तोटा असा की गरम झाल्यावर वाढायला तिला वाकायला जागा नाही; एक ट्यूब शेजारणीपेक्षा जास्त तापली की सगळा ताण एक्स्पान्शनच्या जोडावर (ट्यूब फुगवून ड्रमला बसवलेल्या जागी) येतो आणि तिथून पाझर सुरू होतो.

हे सगळं आज कल्पनेनंच बघायचं. १९६७ मध्ये लाँग बीच शहरानं ३४ लाख ५० हजार डॉलरना जहाज विकत घेतलं, ९ डिसेंबरला ते तिथं पोचलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या पोटाची सफाई झाली. सगळे बॉयलर कापून काढले. पुढची इंजिन रूम गेली, टर्बो जनरेटरच्या खोल्या गेल्या, पाणी मृदू करायचा प्लांट गेला. जागा हवी होती समुद्राच्या संग्रहालयासाठी, ज्याला झाक कूस्तो यांचं नाव होतं. ते संग्रहालय काही वर्षांतच बंद पडलं. बॉयलर वर काढायला वाट म्हणून तिन्ही चिमण्या उतरवल्या, तेव्हा लक्षात आलं की त्या गंजून इतक्या खलास झाल्यात की पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. रंगाच्या थरांवर थर चढलेत म्हणून उभ्या होत्या. आज डेकवरून ज्या लाल-काळ्या चिमण्या दिसतात त्या ॲल्युमिनियमच्या नकला. चिमणीच्या आतून धुरातला गंधक आणि ओलावा मिळून पत्रा कसा खातो हे आपल्याला नवीन नाही. बाहेरून दरवर्षी रंग आणि आतून कुणी बघत नाही, असं झालं की चिमणी अशीच जाते.

म्हणून बॉयलर रूममध्ये गेलात तर काही मजले उंच, रिकामी पोलादी विहीर बघायची तयारी ठेवा. निराश होण्याआधी एक गोष्ट करा. बाजूच्या भिंतींकडं बघा. बॉयलर गेल्यामुळं जहाजाची हाडं उघडी पडलीत: फ्रेम, ब्रॅकेट, रिव्हेटच्या ओळी. संपूर्ण जहाजात एक कोटीच्या आसपास रिव्हेट आहेत आणि त्या इतक्या जवळून, सलग, बॉयलर जागेवर असते तर दिसल्याच नसत्या. एक माणूस तापवायचा, एक फेकायचा, एक धरायचा, एक ठोकायचा. रिव्हेट थंड होताना आखडते आणि दोन पत्रे आवळते, ही त्यातली खरी ताकद. नुसती भोकात बसली म्हणून ती धरत नाही. ज्यांनी जुन्या रिव्हेटच्या बॉयलरचं कॉकिंग (कडा ठोकून गळती बंद करणं) केलंय त्यांनी पत्र्याच्या कडा जरूर न्याहाळाव्यात.

आता मुख्य गोष्ट, मागची इंजिन रूम. ही जागेवर आहे आणि हिच्यासाठीच एवढ्या लांब जायचं. पुढची इंजिन रूम बाहेरचे दोन शाफ्ट फिरवायची, मागची आतले दोन. म्हणजे आज तुमच्यासमोर जहाजाची निम्मी ताकद उभी असते. प्रत्येक शाफ्टला चार टर्बाइनचा एक संच: एक हाय प्रेशर, दोन मधल्या प्रेशरच्या, एक लो प्रेशर. स्टीम एकातून दुसरीत जाते, प्रेशर उतरतं, आकारमान वाढतं, म्हणून प्रत्येक केसिंग आधीच्यापेक्षा मोठं. नुसत्या केसिंगच्या आकारावरून आणि पाइपांच्या जाडीवरून कुठली हाय आणि कुठली लो हे ओळखायचा प्रयत्न करा, पाटी नंतर वाचा. चारही टर्बाइनच्या चार पिनियन (लहान दातेरी चाकं) एकाच मोठ्या गिअरला लागतात आणि तो गिअर पंख्याच्या शाफ्टवर असतो. एकच टप्पा. टर्बाइन मिनिटाला हजाराच्या पुढं, पंखा १८० च्या आसपास.

इथं मिल हाऊसवाल्यांना हटकून प्रश्न पडतो की आपल्याकडं तर टर्बाइन ते रोलर यामध्ये दोन-तीन टप्प्यांचे गिअर लागतात, इथं एकात कसं भागलं? उत्तर दोन्ही टोकांच्या फेऱ्यांत आहे. मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेऱ्या फिरतो आणि आपली लहान टर्बाइन चार-पाच हजारांनी पळते, म्हणजे हजारपटीचा फरक. जहाजात फरक सात-आठ पटींचा. शिवाय टर्बाइन मोठ्या व्यासाची केली की कमी फेऱ्यांतही पात्यांना हवा तो वेग मिळतो. म्हणून गिअरचा एक टप्पा वाचला आणि त्याबरोबर त्याचे बेअरिंग, त्याचं तेल आणि त्याची कटकटही वाचली. गिअरचे दात दुहेरी तिरके, अर्धे डावीकडं, अर्धे उजवीकडं, त्यामुळं बाजूचा रेटा आपसातच कटतो. कव्हरमुळं दात दिसत नसतील तर कव्हरच्या मधल्या रुंदीवरून अंदाज येतो.

चालवायच्या फलाटावर सगळ्यांत जास्त वेळ द्या. मोठी चाकं दिसतील. काही पुढं जाण्याच्या स्टीमची, काही मागं जाण्याच्या. मागं जायला वेगळी पाती असतात, कारण टर्बाइन उलटी फिरवता येत नाही. पुढं जाताना ती उलटी पाती व्हॅक्यूममध्ये रिकामी फिरत राहतात. ती व्हॅक्यूममध्येच असली पाहिजेत. तिथं हवा किंवा गळकी स्टीम राहिली तर घुसळून घुसळून तापतात. वरून ब्रिजवरून टेलिग्राफची (हुकूम पोचवणाऱ्या यंत्राची) घंटा वाजली की खालचा माणूस तोच हुकूम परत पाठवायचा आणि मगच चाकाला हात लावायचा. ही परत पाठवायची पद्धत आपल्या कारखान्यात पॅन स्टेशन (साखर शिजवायची जागा) आणि बॉयलर यांच्यात फोनवर असती तर बरीच भांडणं वाचली असती.

गेजवरचे आकडे इंग्रजी मापात आहेत. पीएसआयला १४.२ नं भागलं की केजी. व्हॅक्यूम इंचात, ३० म्हणजे जवळजवळ पूर्ण, आणि २८ च्या वर राहिलं तरच कंडेन्सर (वापरलेल्या स्टीमचं पाणी करणारा) ठीक चाललाय असं समजायचं. फॅरनहाइटमधून ३२ वजा करून ५ नं गुणायचं, ९ नं भागायचं. एवढं पाठ असलं की गेज बोर्ड तुमच्याशी बोलायला लागतो, नाहीतर ती फक्त पितळी तबकड्यांची आरास.

अशा फेऱ्यांत गाइड लोक बहुधा ‘चाक फिरवलं की जहाज निघालं’ इतकंच सांगतात. त्यांचा दोष नाही, समोर शाळेची पोरं असतात. पण टर्बाइनवर काम केलेल्याला माहीत आहे की चाकाला हात लागण्याआधी कित्येक तासांचं काम असतं. ड्रेन उघडायचे, लाइन थोडी थोडी तापवायची, पाणी निघून कोरडी स्टीम यायला लागली की मग पुढं. घाई केली तर पाइपात साठलेलं पाणी स्टीमबरोबर धावत जाऊन बेंडवर आदळतं, आणि तो हातोडा फ्लँज फोडतो किंवा पाती तोडतो. रोटर तापताना एकाच जागी उभा ठेवला तर वरची बाजू जास्त तापून तो कमानीसारखा वाकतो, आणि तसाच चालू केला तर थरथर सुरू होते. म्हणून टर्निंग गिअर लावून हळूहळू फिरवत ठेवायचा. सगळ्या टर्बाइन मिळून अडीच लाखांच्या वर पाती होती. एक तुटलं तर ते एकटं जात नाही. गाइडला वेळ असला तर टर्निंग गिअर कुठं आहे एवढं विचारा. हा प्रश्न विचारणाऱ्याला सहसा दोन गोष्टी जास्तच दाखवल्या जातात.

कंडेन्सर लोकांच्या नजरेतून सुटतो, कारण तो खाली आणि रुबाब नसलेला. आपल्या आणि जहाजाच्या धंद्यातला खरा फरक तिथं आहे. कारखान्यात मिल टर्बाइनची एक्झॉस्ट आपण वाया घालवत नाही, ती ज्यूस हीटरला आणि इव्हॅपोरेटरला जाते. प्रेशर मुद्दाम ठेवलेलं असतं. जहाजाला त्या स्टीमचा पुढं तेवढा उपयोग नाही. तिला समुद्राच्या पाण्यानं थंड करून, व्हॅक्यूम ओढून, शेवटचा थेंबभर जोर पंख्याकडं वळवायचा आणि पाणी बॉयलरकडं परत पाठवायचं.

मग भीती कशाची? आपल्याला साखरेची, त्यांना मिठाची. आपल्याकडं कंडेन्सेटच्या नमुन्यात अल्फा नॅफ्थॉल घालून बाजूनं ॲसिड सोडतो. जांभळी कडी दिसली की साखर आली, ते पाणी बॉयलरला देऊ नको. साखर गेली तर बॉयलरचं पाणी आंबतं, काळं पडतं, फेस येतो आणि पाणी स्टीमबरोबर टर्बाइनकडं उडतं. जहाजावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. दुधासारखा पांढरेपणा आला की समजायचं, कंडेन्सरची एखादी ट्यूब गेली. ट्यूबेच्या एका बाजूला खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, त्यामुळं बारीक भोक पडलं तरी मीठ नेहमी आतच ओढलं जाणार. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड बॉयलरच्या उष्णतेत ॲसिड सोडतं आणि ट्यूब आतून खातं. म्हणून कंडेन्सरसमोर उभे राहिलात तर ट्यूब प्लेटकडं जाणारी झाकणं बघा. गळकी ट्यूब शोधून दोन्ही टोकांना बूच मारायचं काम त्याच झाकणांच्या आत शिरून करायचे.

गिअरच्या मागं थ्रस्ट ब्लॉक. लोक यावरून चालत पुढं जातात. पंखा पाणी मागं ढकलतो, त्याचा उलट रेटा शाफ्टवर येतो, आणि तो रेटा जहाजाच्या सांगाड्याला पोचतो तो फक्त इथून. हा ब्लॉक नसता तर शाफ्टनं गिअर आणि टर्बाइन पुढं ढकलून मोडल्या असत्या. आत तिरक्या होणाऱ्या पॅड असतात, फिरताना तेलाची पाचर आपोआप तयार होते आणि धातू धातूला टेकत नाही. तत्त्व तेच, जे आपल्या टर्बाइनच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये आहे. फक्त इथं एका शाफ्टवर ४० हजार अश्वशक्ती. पुढं शाफ्टचा बोगदा आणि थोड्या थोड्या अंतरावर बेअरिंगचे ठोकळे. जहाज लाटेवर वाकतं, त्यामुळं इतक्या लांब शाफ्टची ओळ गोदीत बसवून दिली म्हणजे कायमची जुळली असं होत नाही. बेअरिंगला हात लावून ऊब बघणारा माणूस बोगद्यात फेऱ्या मारत असायचा.

याच भागात एक वॉटरटाइट दरवाजा आहे, तेरा नंबरचा. १९६६ मध्ये सराव चालू असताना त्यात चेंगरून एक अठरा वर्षांचा खलाशी मेला. त्यावर आता भुतांच्या फेऱ्या चालतात, आणि खरं सांगायचं तर स्टीमपेक्षा भुतं जास्त खपतात. भूत बाजूला ठेवून दरवाजाच बघा. तो आडवा सरकतो आणि मधे माणूस आला म्हणून थांबत नाही. थांबला तर त्याचा उपयोगच नाही, कारण पाणी आत आल्यावर मध्ये काहीतरी अडकलेलं असणारच. कन्व्हेअरजवळ किंवा केन कॅरिअरजवळ काम केलेल्याला यातला धडा वेगळा सांगायला नको.

शेवटी पंख्याची पेटी. चार पंख्यांतला एकच उरलाय, बाकीचे काढले. त्या एकाभोवती जहाजाला बाहेरून पोलादी पेटी जोडली, आत जायला जहाजाची भिंत कापून दार केलं, आणि आत पाणी तसंच ठेवलं. कठड्यावर उभं राहून खाली बघितलं की दिव्याच्या उजेडात हिरवट पाण्यात चार पात्यांचा पंखा दिसतो, वजन ३२ टन. बेळगावच्या उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्यांनी इथं सगळ्यांत जास्त रेंगाळावं. मँगनीज ब्राँझ म्हणतात त्या मिश्रधातूचा हा एकसंध ओतीव नग. नावात ब्राँझ असलं तरी धातू पितळेच्या जातीचा, जस्त भरपूर. ओतताना जस्त धुरात उडतं, त्यामुळं भट्टीतलं प्रमाण आणि साच्यात पोचलेलं प्रमाण एक राहत नाही. बॉसजवळ (मधल्या गड्ड्याजवळ) जाडी प्रचंड आणि पात्याच्या टोकाला बोटभर. जाड भाग शेवटी थंड होतो आणि आकुंचनाची पोकळी तिथंच पडायला बघते, म्हणून रायझर (आकुंचन भरून काढायला जास्तीचा धातू पुरवणारा भाग) बॉसवर. आणि खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं उभं राहिलं की त्यातलं जस्त विरघळून जातं, उरतो तो तांबूस, भुसभुशीत थर. पात्याच्या कडेला तसा रंग दिसतोय का ते शोधा. पोरं मात्र इथं दोन मिनिटांत कंटाळतात, त्यांना आधीच वर पाठवून द्यावं.

जाण्याचं. लॉस एंजलिस मेट्रोची ए लाइन डाऊनटाऊन लाँग बीचला संपते, तिथून बस किंवा टॅक्सी. गाडीनं गेलात तर पार्किंगचे पैसे वेगळे मोजावे लागतात. तिकिटांचे बरेच प्रकार असतात आणि ते बदलत राहतात: स्वतः फिरायचं, इतिहासाची फेरी, भुतांची फेरी, आणि ‘स्टीम अँड स्टील’ नावाची खालच्या भागाची गाइडसोबतची फेरी. आपल्या माणसाला शेवटची. आदल्या दिवशी वेबसाइटवर बघून ठेवा आणि खिडकीवर दोन प्रश्न स्पष्ट विचारा: मागची इंजिन रूम यात आहे का, आणि पंख्याची पेटी आज उघडी आहे का. नुसतं ‘शिप टूर’ म्हणून तिकीट काढलं आणि दोन तास बॉलरूम बघत बसलात, असं व्हायला नको.

जिने उभे आणि पोलादी. गुडघे धरणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं; उभ्या जिन्यावर तोंड जिन्याकडं करून, दोन्ही हातांनी कठडा धरून उतरावं, बॉयलरच्या प्लॅटफॉर्मवरून उतरतो तसं. व्हीलचेअरवाल्यांनी खालच्या भागाचा नाद सोडावा. चप्पल नको, साडी असेल तर आखूड नेसलेली किंवा सरळ पंजाबी ड्रेस. जाळीच्या फरशीवरून खालचे दोन मजले दिसतात, ज्याला चक्कर येते त्यानं समोर बघून चालावं. खिशात लहान बॅटरी ठेवा, यंत्रावरच्या पाट्या वाचायला लागते. पाइपांवरच्या लॅगिंगला (उष्णता राखणाऱ्या वेष्टणाला) हात लावू नका. त्या काळच्या जहाजांत ॲस्बेस्टॉस सगळीकडं असायचं, आणि झाकलेलं ॲस्बेस्टॉस खरवडलं की धोका सुरू होतो. घाई न करता खालच्या भागाला दीड-दोन तास पुरतात.

जहाजाची तब्येत कशी आहे, असं कुणी विचारलं तर सांगायला हरकत नाही की नाजूक. २०२० मध्ये महामारीत बंद झालं. २०२१ मध्ये चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ताबा शहराकडं परत आला. त्याच सुमाराच्या पाहणीत २ कोटी ३० लाख डॉलरची तातडीची दुरुस्ती निघाली. बल्कहेड (आतल्या आडभिंती), बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारे), इमर्जन्सी जनरेटर अशी कामं आधी केली आणि २०२३ मध्ये लोकांसाठी नीट उघडलं. क्रम बरोबर होता. बघायला येणाऱ्याला बिल्ज पंप दिसत नाही, पण तो बंद पडला तर बघायला काही उरत नाही. तरंगणाऱ्या जुन्या जहाजाला गोदीत वर घेतल्याशिवाय तळाचा पत्रा खरा कळत नाही, आणि इतकं मोठं धूड आता हलवणंच जोखमीचं. तेव्हा जायचं असेल तर ‘पुढच्या खेपेला’ म्हणून ठेवू नका.

ज्यांची पोरं दुसरीकडं आहेत त्यांच्यासाठी दोन नावं. जपानात योकोहामाला १९३० चं ‘हिकावा मारू’, डिझेल इंजिनचं, यंत्रघरात उतरता येतं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला १९५९ चं ‘रॉटरडॅम’, स्टीम टर्बाइनचं, यंत्रघराची वेगळी फेरी आहे. आणि जहाजाच्या आतले जिने, खिंडारासारखी दारं अंगवळणी पडतात का हे घरच्या घरी बघायचं असेल तर कारवारच्या किनाऱ्यावर नौदलाची ‘चपल’ ही क्षेपणास्त्र नौका ठेवली आहे, आत शिरता येतं. क्वीन मेरीपुढं ती खेळणं, पण बेळगावहून सकाळी निघून रात्री परत येता येतं.

एक शेवटची गोष्ट, कारखान्याच्या संचालक मंडळांसाठी. आपल्या भागात मिलच्या स्टीम टर्बाइन काढून इलेक्ट्रिक मोटरी बसवायचं काम जोरात आहे आणि जुन्या टर्बाइन भंगारात चालल्यात. एखादी ठेवून लोकांना दाखवायची कुणाच्या मनात आलं तर लाँग बीचचा अनुभव उपयोगी पडेल: जागा मोकळी करायच्या भरात साखळीतला पहिला दुवा कापू नका. टर्बाइन ठेवली आणि तिच्यामागचा जुना लहान बॉयलर विकला, तर बघणाऱ्याला स्टीम कुठून आली हे कधीच कळणार नाही. टर्बाइनचं वरचं अर्ध केसिंग उचलून बाजूला ठेवा, पाती दिसू देत. गिअर बॉक्सच्या झाकणाला खिडकी पाडा. बॉयलरचं मॅनहोल उघडं ठेवून आत दिवा सोडा, पण त्यावर जाळी बसवा, पोरं आत शिरतात. आणि चालू कारखान्याच्या स्टीम लाइनला ही जागा जोडलेली असेल तर नुसता व्हॉल्व्ह बंद करून, चाकाला साखळी घालून भागवू नका. व्हॉल्व्ह आज ना उद्या पास होतो, म्हणजे आतून गळतो. फ्लँज खोलून मध्ये ब्लाइंड (भोक नसलेली चकती) घाला आणि ड्रेन उघडा ठेवा.